अंदाजाने घातलेला आकडा

देवयानी वापरत होती तो प्रोग्राम भूकंपाचे बारीक हादरे गिळत होता, आणि तिची पीएचडी नेमकी त्या बारीक हादऱ्यांवर उभी होती. नोंदींमधला गोंगाट गाळणारा हा प्रोग्राम होता फुकटचा आणि जुनापुराणा. लोक कोडच्या टेपा एकमेकांना पोस्टाने पाठवत, तेव्हाचा. सेमिस्टर संपेपर्यंत जमलं नाही तर विषय बदल, असं गाईडने सांगून टाकलं होतं.

तिने आपल्या रीतीने प्रोग्राम सांभाळणाऱ्या लेनर्डला खाजगी मेल केली. रिस्पेक्टेड सर वगैरे. पुण्यात कॉलेजात शंका विचारायची ती तास संपल्यावर, सरांच्या टेबलापाशी, हळू आवाजात. भर वर्गात विचारली की हसं ठरलेलंच. लेनर्डने कळवलं, मी सर नाही. हे प्रोग्राम वापरणाऱ्या सगळ्यांच्या मेलिंग लिस्टवर विचार, म्हणजे उत्तर सगळ्यांना मिळेल.

"यार, तिथलं काहीच डिलीट होत नाही," रूममेट रुचा म्हणाली. "तुझा डाउट जन्मभर गूगलवर दिसेल."

तरी देवयानीने विचारलं. कोणी हसलं नाही. चिलीतल्या एकाने आपलेही हादरे गायब होतात म्हणून सांगितलं. नॉर्वेतल्या एका बाईने कोडमधली संशयाची जागाच दाखवून दिली. ना ओळख ना पाळख, ना कवडीचा फायदा. वर्गात नोट्स लपवणारी पोरं आठवून देवयानीला गंमत वाटली.

तिने ती जागा उघडली. तिथे एक आकडा होता, त्याहून लहान हादरा प्रोग्राम गोंगाट समजून टाकून देई. आणि त्याच्यावर, तिच्या जन्माच्याही आधी कोणीतरी लिहिलेली टीप: 'हा आकडा अंदाजाने घातलाय. ज्याला कळेल त्याने बदलावा आणि मला सांगावं.'

देवयानी बघतच राहिली. आपल्याला कळलेलं नाही, हे एका माणसाने जगासमोर लिहून ठेवलं होतं. नंतर कितीतरी हात या कोडवरून फिरले, पण ती ओळ कोणी पुसली नव्हती. तिला भरून आलं.

मग ती हात धुऊन त्या आकड्याच्या मागे लागली. त्या काळच्या ढोबळ यंत्रांना तो बरोबर होता. आताच्या नाजूक यंत्रांना फार मोठा पडत होता. नोंद बघून आकडा प्रोग्रामनेच ठरवावा, असा बदल तिने लिहिला आणि लिस्टवर टाकला. तो चालतो हे दाखवणाऱ्या चाचण्या जोड, म्हणून लेनर्डने तो परत पाठवला. तिने त्या जोडल्या. बदल स्वीकारला गेला, आणि फोडणीतल्या मोहरीसारखे हादरे स्क्रीनवर तडतडू लागले. गाईडने विषय बदलायचं नाव परत काढलं नाही.

लिस्टवर लेनर्डची मेल आली, सगळ्यांना दिसेल अशी.

"तो आकडा माझा होता. तुझा बदल चालतो, हे मी पाहिलं. पण का चालतो ते मला अजून कळलेलं नाही. समजावून सांगशील?"

देवयानीने रिस्पेक्टेड सर लिहिलं, मग खोडून लेनर्ड लिहिलं, आणि सगळ्यांसमोर, अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.