एका हाताने चालणारा

"एका हाताने चालेल असा दाखवा," मी म्हणाले.

दुकानदार हसला. "ताई, सगळे एकाच हाताने चालतात. लहान पोरंसुद्धा चालवतात."

"मग चालवून दाखवा. दुसरा हात खिशात घाला."

त्याला ती गंमत वाटली. डावा हात खिशात घालून त्याने काउंटरवरचा सगळ्यात चकचकीत प्लेअर उचलला आणि अंगठ्याने पडदा सरकवू लागला. एक गाणं लागलं, मग एक सिनेमा. "आता आवाज वाढवा," मी म्हणाले. आवाजाची पट्टी वरच्या कोपऱ्यात होती. अंगठा तिथपर्यंत पोचेना म्हणून त्याने पकड बदलली, प्लेअर बोटांवरून घसरला आणि खिशातला हात आपोआप बाहेर आला.

"पडला," मी म्हणाले.

"पडला कुठे? धरला की!"

"दुसऱ्या हाताने धरलात."

माझ्या मागे दादाने मोठा उसासा सोडला. "तू प्लेअर घ्यायला आलीयेस की प्रयोग करायला?"

मला त्याचा इतका राग आला की मी मागे वळूनही बघितलं नाही.

आमच्या बाबांचं शिवणकामाचं दुकान आहे. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, त्यामुळे नवीन माणसाला ते शाळेत शिकवत असावेत असं वाटतं. गेल्या वर्षी त्यांच्या किडन्यांनी काम सोडलं. तेव्हापासून आठवड्यातून तीन वेळा त्यांना डायलिसिसच्या मशीनला जोडतात. डाव्या हातात दोन जाड सुया असतात आणि तो हात चार तास सरळ ठेवावा लागतो. कोपर जरा वाकलं की मशीन बोंबलतं. खोली रुग्णालयाच्या तळघरात आहे, फोनला रेंज नाही. भिंतीवर एकच टीव्ही, त्यावर दिवसभर बातम्या.

बाबा कधी चार तास पूर्ण करायचेच नाहीत. दोन-अडीच तास झाले की सुरू, "सिस्टर, काढा मला." सिस्टर समजावायची, डॉक्टर यायचे, शेवटी बाबा स्वतःच्या जबाबदारीवर सही करून उठायचे. जे पाणी मशीनने काढायचं ते अंगातच राहायचं. मागच्या आठवड्यात एका पहाटे त्यांना आडवं होता येईना. खुर्चीत पुढे वाकून, टेबलाची कड धरून ते श्वास घेत होते आणि पाणी गेलेल्या नळासारखा आवाज येत होता. डॉक्टरांनी नंतर आडवळण न घेता सांगितलं, "मशीन अर्धवट सोडलं तर पुढच्या वेळी ते घरून इथपर्यंत पोचतील याची हमी मी देणार नाही."

म्हणून प्लेअर. आतच गाणी आणि सिनेमे भरून ठेवता येतील असा. त्यांना चार तास तिथे बसवून ठेवेल असं काहीतरी.

"बाबांच्या डोळ्यांचा विचार कर," दादा दुकानदाराकडे वळत म्हणाला. "मोठा पडदा पाहिजे. हाच द्या."

"याला एकही बटण नाही," मी म्हणाले.

"बटणं? कुठल्या जमान्यात आहेस?"

"साहेबांचं बरोबर आहे," दुकानदार म्हणाला. ज्याच्या बाजूने विक्री लवकर उरकते त्याचंच दुकानदाराच्या मते बरोबर असतं. बाहेर आलो तेव्हा दादाच्या हातात पिशवी होती. दादा मोठा आहे. आमच्या घरात वयाने मोठा असणं हे पुरावा म्हणून चालतं.

दुसऱ्या दिवशी बाबांना मशीन लागल्यावर दादाने प्लेअर त्यांच्या उजव्या हातात ठेवला. त्याने त्यात बासरी, धबधबे आणि 'मन शांत करणारे' कसलेसे आवाज भरले होते.

"हं, आता हळूच बोट सरकवायचं. हळूच. असं. अगदी हळू."

बाबांनी तर्जनी उभी करून टेकवली, पेनाचं टोक टेकवावं तशी. नख लागलं, बोट लागलंच नाही. पडदा ढिम्म. त्यांनी जोर दिला, तर भलतंच काहीतरी उघडलं.

"नाही नाही, बाबा. दाबायचं नाही. हां, जमतंय, जमतंय. शाब्बास!"

"मला शाब्बास म्हणू नकोस," बाबा म्हणाले. "तुझ्या पहिल्या चड्डीला नाडी मी घातलीय."

शेजारच्या खाटेवरच्या आजी तोंडावर पदर धरून हसल्या. दादा लाल झाला. कानात बासरी सुरू झाली आणि थोड्याच वेळात बाबांनी इअरफोन उपटला. "हे काय? मेल्यावर लावायचं ते आत्ताच लावलंस?"

"ऐकून तर बघा, शांत वाटेल."

"मला शांत नाही वाटून घ्यायचं!"

त्यांना ते बंद करायचं होतं. उजव्या अंगठ्याने त्यांनी दोनदा खटपट केली. अंगठा नुसता इकडेतिकडे फिरला. मग काही कळायच्या आत डावा हात उचलला गेला, कोपर वाकलं, मशीन किंचाळलं. सिस्टर धावत आली. "मास्तर, हात! हात खाली!" बाबांनी प्लेअर पायाशी भिरकावला. "काढा मला."

त्या दिवशी ते आणखीच लवकर उठले.

बाहेरच्या बाकावर मी दादाला विचारलं, "सुया डाव्या हातात कोणी घालायला सांगितल्या?"

"कोणी म्हणजे? डॉक्टर ठरवतात. ज्या हाताने काम करत नाही तो हात घेतात."

"बाबा डावरे आहेत."

दादाने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"दादा, आपल्या दुकानात भिंतीला टांगलेली उलट्या मुठीची कात्री कोणाची आहे? आपण लहानपणी तिला हात लावला की कोण ओरडायचं? ते डावरे आहेत हे गल्लीतल्या मांजरालाही माहीत आहे. सुयांसाठी हातातली शीर तयार करायचं ऑपरेशन झालं, त्याच्या आधी तू होतास ना त्यांच्याबरोबर?"

"होतो," तो म्हणाला. "डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या हाताने लिहिता? बाबा म्हणाले, उजव्या. मग खोटं कुठे बोलले? लिहितात ते उजव्यानेच."

ते खरंच होतं. बाबांच्या शाळेत डाव्या हातात पेन दिसलं की बोटांवर पट्टी बसायची. त्यामुळे त्यांचा उजवा हात एकच काम शिकला, ते म्हणजे लिहिणं. कापणं, ओवणं, इस्त्री, दार उघडणं, डास मारणं, सगळं डाव्याने. आणि डॉक्टरांनी नेमका तेवढाच प्रश्न विचारला.

"आणि तू शेजारी उभा राहून मान हलवलीस."

"मला काय माहीत ते कशासाठी विचारतायत?"

"तेच विचारायचं असतं, दादा! कशासाठी, तेच विचारायचं असतं!" माझा आवाज इतका चढला की रखवालदाराने मान वळवून बघितलं.

डॉक्टर जिन्यावर भेटले तेव्हा मी त्यांनाही सोडलं नाही. "तुम्ही कामाचा हात विचारायला हवा होता."

"माणूस ज्या हाताने लिहितो तोच त्याचा कामाचा हात असतो," ते म्हणाले.

"आमच्या घरी नसतो."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. "शीर आता त्याच हातात तयार झालीय. चांगली चालतेय. सहज बदलता येणार नाही." मग आवाज मऊ करून म्हणाले, "त्यांना जरा आनंदी ठेवा." तो मऊ आवाज ऐकून मला जिन्याचा कठडा उखडावासा वाटला.

संध्याकाळी बाबा टेबलाशी बसून एका गिऱ्हाइकाची मापं लिहीत होते. मी समोर बसून त्यांचा उजवा हात बघत राहिले. लिहिताना तर्जनी वर-खाली होते, मनगट पुढे सरकतं. अंगठा मात्र जागचा हलत नाही, तो नुसता टेकू देतो. आणि ते सगळे गुळगुळीत पडदे अंगठ्यावरच चालतात. चार बोटांनी धरायचं, पाचव्याने सरकवायचं. म्हणजे एक हात दोन कामं करतो, आणि दुकानदार त्याला 'एका हाताने चालतो' म्हणतो. बाबांच्या उजव्या हाताला दोन कामं देऊन चालणार नव्हतं. प्लेअर स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा होता आणि दाबायला तर्जनी पुरायला हवी होती.

"काय बघतेस, मोजपट्टी?" बाबा म्हणाले. मी लहानपणापासून सगळं मोजत असते म्हणून हे नाव. "लिहिणारा माणूस बघितला नाहीस कधी?"

"बाबा, तिथे तुम्हाला काय हवं असतं?"

"घरी जायचं असतं."

"ते सोडून."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग बांध फुटावा तसे सुटले. "तिथे सगळे गोड बोलतात. सिस्टर गोड, डॉक्टर गोड, तुझा भाऊ तर पाकात बुडवून काढल्यासारखा. काय म्हणता मास्तर, कसे आहात मास्तर, छान मास्तर! अरे, मी दुकानात असतो तर आत्तापर्यंत चार जणांशी भांडलो असतो. खांदा उतरला म्हणून गिऱ्हाईक भांडतं, मी त्याला म्हणतो, तुझा खांदाच उतरलाय. दिवस कसा जातो कळत नाही. तिथे मला भांडायला कोणी नाही."

मी याआधी त्यांना बासरी आवडेल की जुनी गाणी, एवढंच विचारलं होतं. दादाने तर तेही नाही.

मोठा प्लेअर घेऊन मी एकटीच दुकानात गेले. दुकानदाराने मला ओळखलं आणि त्याचा चेहरा पडला.

"बदलून पाहिजे," मी म्हणाले. "समोरच्या बाजूला बटणं असलेला. दाबल्यावर खटका लागला पाहिजे. मागे स्टँड, खाली रबर."

"ताई, असला आता कोणी घेत नाही."

"म्हणजे तुमच्याकडे उरला असेल."

खरंच उरला होता. मागच्या कपाटात, धुळीने भरलेल्या खोक्यात. जाड, बुटका, तळहाताएवढ्या पडद्याचा, खाली पाच ठळक बटणं. मी तो काउंटरवर उभा केला आणि डोळे मिटून नखाने बटण दाबलं. खट्. आणखी जोरात दाबलं तरी तो मागे कलंडला नाही.

"मोठा देऊन हा नेताय?" दुकानदाराला राहवलं नाही. "लोक उलटं करतात."

"लोकांना दोन हात असतात," मी म्हणाले आणि पिशवीही घेतली नाही.

त्या रात्री मी शिवणकाम शिकवणारे व्हिडिओ धुंडाळले. चांगले शिकवणारे बाजूला टाकले. मला हवा होता तो सापडला: तुळतुळीत दाढी केलेला एक तरुण, ज्याला आत्मविश्वास भरपूर आणि कापडाची जाण जेमतेम. प्रत्येक वाक्यानंतर तो "किती सोपं आहे ना, मित्रांनो?" म्हणायचा. त्याचे मिळाले तेवढे सगळे भाग मी भरले.

पुढच्या वेळी दादाही आला होता. खाटेवरच्या आडव्या टेबलावर मी प्लेअर उभा केला. "हे कुठलं खोकं उचलून आणलंस?" तो म्हणाला.

"तू बोलू नकोस," बाबा म्हणाले आणि तर्जनीने बटण दाबलं. खट्.

तरुणाने मखमल अंथरली. बाबांच्या कपाळावर आठी पडली. त्याने कोटाचा पुढचा भाग आखला, मग कापड वाचवायला मागचा भाग उलट्या दिशेने आखला.

"अरे गाढवा!" बाबा ओरडले. कानात इअरफोन असल्यामुळे आवाज इतका मोठा निघाला की सगळी खोली दचकली. "मखमलीची लव बघ! पुढून काळा दिसेल आणि मागून करडा!"

"मास्तर, हळू," सिस्टर म्हणाली.

"हळू काय? त्याने कात्री लावली! लावली बघा! किती सोपं म्हणतोय वर!" खट्. मागे नेऊन त्यांनी ते पुन्हा बघितलं, पुन्हा शिवी दिली आणि पुढे गेले. डावा हात उशीवर जिथल्या तिथे होता.

"बाबा, चिडू नका ना, प्रेशर वाढेल," दादा म्हणाला. ते डॉक्टरांच्या त्या मऊ आवाजासारखंच ऐकू येत होतं. सिस्टरने यंत्रावरचा आकडा बघितला. "ठीक आहे की," ती म्हणाली. "उलट इथे यांचं नेहमी खालीच जातं."

अर्धा वेळ उलटला. बाबा नेहमी ज्या सुमाराला उठायचे तेव्हा सिस्टर स्वतःच जवळ आली. "मास्तर, आज काढायचं म्हणणार नाही का?"

"सरक गं, दिसत नाहीये. हा आता बाही लावणार आहे. बघू तरी किती वाट लावतो."

त्याने पुरेपूर वाट लावली. डावी बाही उजवीकडे लावली आणि वर विचारलं, किती सोपं आहे ना. बाबांनी शेजारच्या आजींना साक्षीला बोलावलं. आजींनी मान लांब करून बघितलं आणि "मेल्याला उन्हात उभा करा" असा निकाल दिला. दादा भिंतीला टेकून मुकाट बसला होता. माझा त्याच्यावरचा राग गेला नव्हता, आणि घालवायची मला घाईही नव्हती.

मशीनने वेळ संपल्याची घंटी दिली, तेव्हा तो तरुण काजं करत होता. सिस्टरने सुया काढल्या आणि बाबांचा उजवा हात धरून कापसाच्या बोळ्यावर ठेवला. "घट्ट दाबून धरा. सोडायचं नाही."

बाबांनी दाबलं, पण नजर पडद्यावरून हलेना. आता त्यांचा एकही हात मोकळा नव्हता आणि तरुणाने चुकीच्या बाजूला काज कापायला घेतलं होतं.

"मोजपट्टी! थांबव त्याला!"

मी हात पुढे केला.

"बंद नको करूस, मूर्ख! नुसतं थांबव. परवा इथूनच पुढे बघायचंय."