डावीकडे ओढणारी जीप

मी एक जुनी जीप आहे, मित्रांनो. माझा हिरवा रंग आता कुठे कुठेच उरला आहे आणि टपाचे कापड तर केव्हाच विरले. मी महायुद्धाच्या दिवसांत जन्मले. माझ्यासारख्या पुष्कळजणी तेव्हा तयार झाल्या होत्या आणि एकीला दुसरीपासून ओळखायला फक्त अंगावरचा नंबर होता. युद्ध संपले आणि आम्हांला लिलावात उभे केले. मग मी एक-दोन मालकांच्या दारी राहिले. महाराष्ट्र राज्य झाले त्या सुमारास मला मोताळ्याच्या अर्जुनरावांनी घेतले.

अर्जुनराव गुरांचे डॉक्टर होते. सरकारी नोकरीतून नुकतेच मोकळे झालेले. बायको वारली होती, मुलगी नागपूरला नांदत होती. घरात बोलायला कोणी नव्हते, म्हणून ते माझ्याशी बोलत. "आज लांब जायचं हाय बरं," असे म्हणून ते बॉनेटवर हात ठेवत, जसा एखाद्या गायीच्या पाठीवर ठेवावा तसा. कुठे गाय अडलेली असे, कुठे म्हशीने चारा सोडलेला असे. आम्ही धूळ उडवत जात असू. गावात शिरलो की पोरे ओरडत, "डाक्टरची जीप आली!" ते माझे सुखाचे दिवस होते.

एका हिवाळ्यात अर्जुनरावांच्या डाव्या हाताला मुंग्या आल्या. चार दिवस त्यांना पेलाही धरता येईना. पुढे हात बरा झाला, पण मनातली भीती गेली नाही. माझ्या स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवताना ते बोटे उघडून मिटून पाहत.

त्यानंतरच्या पावसाळ्यात रोहिणखेडजवळच्या नाल्यात मी रुतले. जोर मिळावा म्हणून त्यांनी मला मागे घेतले, आणि माझे मागचे डावे चाक पाण्याखालच्या दगडावर जोरात आदळले. कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पाट्यांना मधोमध धरून ठेवणारा बोल्ट तुटला. त्याच्या आधाराने जागेवर राहणारा, मागच्या दोन चाकांना जोडणारा आस डाव्या बाजूने पुढे सरकला. वरून काहीच दिसत नव्हते. मी नाल्यातून बाहेर आले, पण त्या दिवसापासून डावीकडे ओढू लागले.

अर्जुनरावांनी मला मलकापूरला शालिग्राम मिस्त्रीकडे नेले. भला माणूस. त्याने दोरी ताणून, मापे घेऊन माझी पुढची चाके सुतात लावली. "आता सरळ चालते साहेब," तो म्हणाला. मोताळ्याच्या रस्त्याला लागताच मी पुन्हा डावीकडे गेले.

आम्ही परत फिरलो. शालिग्रामने टायरांतली हवा पाहिली. पुढचे उजवे टायर डावीकडे घातले, डावे उजवीकडे. टायरचा दोष असता तर ओढीची बाजू बदलली असती. ती बदलली नाही. मग एकेक पुढचे चाक उचलून फिरवले. ब्रेक घासत असता तर चाक अडले असते. तेही मोकळे फिरले. पुन्हा दोरी लावली, माप तेच आले. मापावर भरवसा ठेवून त्याने मला स्वतः चालवून पाहिले नाही.

"साहेब, गाडीत काहीच नाही," तो हळूच म्हणाला. "मागं तुमचा हात दुखत होता ना? एकडाव मोठ्या डाक्टरले दाखवा."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी तेव्हा ओरडले असते. माझी पाठ मोडली आहे, यांच्या हाताला काही झालेले नाही, असे सांगितले असते. पण मुक्याने उभे राहण्यापलीकडे माझ्या हाती काय होते? अर्जुनरावांनी मला सावकाश घरी आणले, मागच्या अंगणात लिंबाखाली उभे केले आणि किल्ली खुंटीला टांगली.

मग ते घरातच बसू लागले. लोक बोलवायला येत, ते नाही म्हणत. हळूहळू येणारेही कमी झाले. संध्याकाळी मात्र ते माझ्यापाशी येत. इंजिन सुरू न करता चाक धरून बसत. डाव्या हाताने चाक घट्ट आवळत, सोडत, पुन्हा आवळत. त्यांच्या पकडीत किती बळ आहे ते मला कळत होते. त्यांना कळत नव्हते.

एके सकाळी रोहिणखेडचा पुंजाजी धापा टाकत आला.

"डाक्टरसाहेब, बैल फुगला. उठून नाही राह्यला. चला लवकर!"

"पुंजाजी, माहा हात चालत नाही आता. दुसऱ्या कोनाले ने."

"दुसरा कोन हाय साहेब?"

अर्जुनरावांनी दार लावून घेतले. पुंजाजी थोडा वेळ अंगणात उभा राहिला आणि निघून गेला. तो बैल दुपारीच गेला, हे आम्हांला दुसऱ्या दिवशी कळले. त्या संध्याकाळी अर्जुनराव माझ्याकडे आले नाहीत.

त्यांनी मला विकायचे ठरवले. साखरखेर्ड्याचा कडूबा नावाचा शेतकरी मला पाहायला आला. त्याने चाक हातात घेतले आणि मला रस्त्यावर काढले. अर्जुनराव फाटकापाशी उभे राहिले. इतकी वर्षे ते माझ्यात बसत आले होते. मला दूर जाताना त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

लंगडे जनावर आले की ते मालकाला नेहमी सांगत, "पुढं चालवत ने, मले मागून पाहू दे." आज मी त्यांच्यापुढून चालत गेले आणि त्यांनी मागून पाहिले. मी तिरपी चालत होते. खुब्यातून निखळलेल्या गायीसारखे माझे मागचे अंग एका बाजूला जात होते. रस्त्यावरच्या ओल्या मातीत मागची चाके पुढच्यांच्या खुणेवर पडत नव्हती. त्यांच्या वेगळ्या रेघा उमटत होत्या.

कडूबा कपाळाला आठ्या घालून परत आला. "डाक्टर, ही तर डावीकडं ओढतीया!"

"तुमच्या हातानंही?"

"माझ्या हाताला काय झालंय? दोन्ही हातांनी धरली तरी ओढतीया."

अर्जुनराव मटकन खालीच बसले. कडूबाला वाटले, माणसाला भोवळ आली. तो पाणी आणायला धावला. परत येऊन पाहतो तर डॉक्टर गुडघ्यांवर बसून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोरी धरत होते. आधी उजवीकडे, मग डावीकडे. डावी बाजू चार बोटे आखूड भरली.

"मी इकत नाही गाडी," ते म्हणाले. कडूबा हसला आणि दोरीचे दुसरे टोक धरून थांबला.

शालिग्रामने पाटे उतरवले तेव्हा तुटलेला बोल्ट हातात आला. "मी पुढंच पाहत राह्यलो, साहेब," तो म्हणाला. "मीबी पुढंच बसलो होतो," अर्जुनराव म्हणाले. नवा बोल्ट पडला, आस जागेवर बसला, आणि मी सुतासारखी सरळ चालले.

अर्जुनराव घरी गेले नाहीत. आम्ही थेट रोहिणखेडला पुंजाजीच्या दारात उभे राहिलो.

"पुंजाजी, माहा हात चांगला होता. गाडीच वाकडी होती. मी आलो असतो त तुहा बैल वाचला असता."

"हात चालत नव्हता त नव्हता," पुंजाजी म्हणाला. "मी भावाच्या बैलबंडीत बसवून नेलं असतं तुमाले. तुम्ही दार काऊन लावलं?"

मग पुंजाजी आत वळून म्हणाला, "च्या ठेवा वो, डाक्टर आले."

पुढे बरीच वर्षे आम्ही गावोगाव फिरलो. मग एका वर्षी अर्जुनरावांचा हात खरोखरच थकला. त्या वेळी त्यांनी दार लावले नाही. बोलावणे आले की ते बंडीत बसून जात. मी अंगणात एकटी राही आणि बैलांच्या घुंगरांचा आवाज दूर जाताना ऐके. मला वाईट वाटत नसे असे मी म्हणणार नाही. पण ते जात होते, याचे समाधान त्याहून मोठे होते.

मित्रांनो, आम्हां मुक्या वस्तूंची नीट निगा राखा. आणि तुमच्या ओळखीचे कोणी दार लावून बसले असेल, तर अंगणातून लगेच माघारी फिरू नका. पुन्हा एकदा हाक मारा.