कडेची माणसं

"अण्णा, ह्या मदरबोर्डचं वय झालंय. आता ह्याला नवी रॅम बसवणं म्हंजी म्हाताऱ्याला बाशिंग बांधल्यागत हाय," अमृतप्पा म्हणाला आणि त्यानं कॅबिनेटमध्ये अशी फुंकर मारली की धूळ थेट व्यंकटच्या चहात जाऊन बसली.

"मंग बदलायचा. पर नवा नक्को, हैदराबादचा सेकंडहँड," व्यंकट म्हणाला. त्यानं चहा तसाच प्यायला.

उद्धवच्या पुढच्या खोलीत पेपर अंथरून कॉम्प्युटर उघडा पडला होता. अमृतप्पाचं चिटगुप्प्याच्या बसस्टँडजवळ मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. व्यंकट खताच्या दुकानात हिशेब लिहायचा. त्याला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण खर्च म्हटला की तो कुठल्याही विषयातला जाणकार व्हायचा. तिघं शाळेपासूनचे मित्र. भांडण झालं तरी ते फार टिकत नसे, कारण तिसऱ्याच्या मते दोघांचंही चुकलेलं असायचं.

उद्धव लग्नाचे अल्बम करायचा. फोटो काढणारे दुसरे. त्यांनी काढलेले फोटो निवडायचे, हवे तेवढे कापायचे, रंग सुधारायचे आणि पानांवर मांडायचे हे काम उद्धव घरी बसून करायचा. लग्न मराठ्यांचं असो की लिंगायतांचं, आसपासच्या स्टुडिओंचे अल्बम बहुतेक त्याच्याच हातून जायचे. इतकी वर्षं कुणी नाव ठेवलं नव्हतं. या हंगामात मात्र दोन अल्बम परत आले. त्यात माणसं अर्धी कापली गेली होती, काही तर पुरतीच गायब होती. अमृतप्पानं येऊन मॉनिटर पाहिला, उगाच दोनचार बटणं दाबली आणि निदान केलं, "कडंला काळा पडायलाय. मॉनिटर गेलाय." उद्धवनं मान हलवली. तिथंच सगळा घोळ झाला.

मॉनिटर ठणठणीत होता. बिघाड उद्धवच्या डोळ्यांत होता. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी त्याला समोर बसवून नीट समजावलं होतं, की नजर बाजूंनी आक्रसत जाईल, समोरचं तेवढं दिसत राहील, ते किती वर्षं हे सांगता येणार नाही आणि यावर औषध नाही. घरी येऊन त्यानं मंजुश्रीला सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. मित्रांना तर तेवढंही सांगितलं नाही. डोळे जाणाऱ्या माणसाला फोटोचं काम कोण देणार? दुसरं काही त्याला येत नव्हतं. शिकायचं म्हटलं तरी त्यालाही डोळेच लागणार. या विचारानं त्याची झोप उडाली होती आणि खोटं मात्र दिवसेंदिवस अंगानं भरत चाललं होतं.

कारण मित्रांनी आता मॉनिटरसकट अख्खा कॉम्प्युटरच बदलायचा चंग बांधला होता. ग्राफिक कार्ड अमृतप्पा स्वतःच्या कॉम्प्युटरमधलं काढून देणार होता. कॅबिनेट जुनंच ठेवायचं, प्रोसेसर जुना आणायचा, आणि वाचेल तो सगळा पैसा मॉनिटरवर घालायचा.

"सत्तावीस इंची घेऊ. एका कडंपासून दुसऱ्या कडंपर्यंत अक्खी वरात दिसली पायजे," अमृतप्पा म्हणाला.

"लई महाग जातंय रे ते. कामून एवढा मोठा?" उद्धव पुटपुटला.

"तू गप ऱ्हा. कमी पडलं तर माझी भिशी हाय की," व्यंकट म्हणाला. "पत्रे पुढल्या साली टाकतो. माझं घर काय पळून जायलंय व्हय?"

उद्धवला स्वतःची लाज वाटली. गळत्या घरात राहणारा माणूस आपल्यासाठी भिशी उचलायला निघालाय, आणि आपण तोंड उघडत नाही. बोलावं म्हणून त्यानं श्वास घेतला, तेवढ्यात दारातून हाक आली.

"अल्बमवाल्याचं घर हेच का?"

दारात पांढऱ्या केसांची एक बाई उभी होती. हातात कापडी पिशवी होती आणि चपला तिनं आधीच बाहेर काढल्या होत्या. तिनं आपणच ओळख सांगितली. ती सोजराबाई, हळ्ळीखेडहून आली होती. तिच्या पुतण्याचं, बालाजीचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं. जाऊ बाळंतपणात गेली तेव्हापासून बालाजीला हिनंच वाढवलं होतं. हिला स्वतःला मूल नव्हतं, नवरा लवकर गेला होता.

"भांडायला न्हाई आले बाबा," ती भिंतीला टेकून बसत म्हणाली. "एकच इचारायचंय. अल्बममदी मी कुटंच न्हाई. पुरा बगितला, सुनबाईनं दोनदा बगितला. फोटू काढताना मी व्हते. विधवा बाई, शुभकार्यात मदी कशाला यावं म्हनून कडंला हुबी ऱ्हायले. पर व्हते."

अमृतप्पानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"मला काडा म्हनून कुनी सांगितलं? सुनंच्या म्हायेरच्यांनी? का..." तिचा आवाज बसला. "का बालाजीनं? तेवडं सांग. मी कुनाला बोलनार न्हाई. बालाजीला तर न्हाईच."

अमृतप्पा मदतीला धावला. "मावशी, तसं कायबी न्हाई. ह्याचा मॉनिटर बिघडलाय. मशीनची चूक हाय. हे बगा, नवा आणायचंच चाललंय आमचं."

"मशीन?" सोजराबाईनं त्याच्याकडं पाहिलं. "माज्या शेजारची पोरं तेवडी ठिवली आन मलाच कापलं. मशीनला विधवा वळखू येती व्हय रे?"

बाईनं पिशवीतून अल्बम काढला आणि उद्धवच्या डाव्या बाजूनं पुढं केला. "तूच बग."

उद्धव समोर बघत बसून राहिला. अल्बम जड होता, बाईनं खालून दुसरा हात लावला, तरी त्यानं तो घेतला नाही. व्यंकटला वाटलं, हा घुश्शात आहे. स्वयंपाकघराच्या दारातून मंजुश्री आली. तिनं बाईच्या हातातून अल्बम घेतला, उद्धवच्या समोर धरला आणि त्याचे दोन्ही हात उचलून त्यावर ठेवले. हे तिनं इतक्या सवयीनं केलं की उद्धवला कळलं, हिला सगळं माहीत आहे, आणि आजचं नाही. खुर्च्या जागच्या हलत नाहीत, उंबऱ्यात बादली कधी नसते, हे आपोआप घडत नव्हतं.

"मावशी, कुनी सांगितलं न्हाई तुम्हाला काडा म्हनून," तो म्हणाला. "बालाजीनं न्हाई, कुनीच न्हाई. मला कडंचं दिसना. मॉनिटर चांगला हाय, माजे डोळे जायलेत. तुम्ही कडंला हुब्या होता, मला दिसलाच न्हाईत. देवाशपथ."

सोजराबाईचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजी बालाजीनं न्हाई सांगितलं!" तिनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मग समोरचा माणूस काय बोलला ते तिच्या ध्यानात आलं. आपल्याला आनंद झाला याचीच तिला शरम वाटली आणि ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. "माजं मलाच पडलं बाई. लेकरा, मी कसं इचारून बसले तुला..."

"बरं झालं इचारलंत," उद्धव म्हणाला, आणि ते खरं होतं.

अमृतप्पा हातातल्या स्क्रूकडं बघत होता. "मी तुझ्या मॉनिटरला शिव्या घालायलो व्हतो," तो हळूच म्हणाला. "किती दिवस झाले?"

"पाडव्याच्या आधी कळलं."

"आन पुढं?"

"डॉक्टरला बी म्हाईत न्हाई. कमीच व्हत जायलंय."

व्यंकटला रडू आलं की तो हिशेबाचं बोलायचा, हे दोघांनाही माहीत होतं. तो म्हणाला, "मंग सत्तावीस इंची काय कामाचा?"

"मोठा नकोच. मोठ्यात मला अजून कमी दिसंल. लहान पायजे, समोरच्या समोर मावंल असा."

"लहान घेऊ. वाचलेल्या पैशात मावशीचा अल्बम नवा छापून व्हतोय."

"कडा मी बघते," मंजुश्री म्हणाली. एवढंच बोलून ती चहा टाकायला आत गेली.

बाई नको नको म्हणत होती, पण तिचं कुणी ऐकलं नाही. ती उठली आणि भिंतीची जागा सोडून उद्धवच्या अगदी समोर येऊन बसली. "आता दिसते का रे?"

"दिसायलाव मावशी."

अमृतप्पा कॅबिनेट बाजूला सारून तिच्या शेजारी सरकला. व्यंकटही उठून आला आणि त्या दोघांच्या मागं गुडघ्यांवर बसला. एवढी खोली रिकामी असताना तिघं चार फरशांत दाटून बसले. कुणी हसलं नाही. उद्धव एकेकाच्या चेहऱ्याकडं बघत राहिला. अमृतप्पाचे डोळे लाल झाले होते.

मंजुश्रीनं चहा आणून सगळ्यांच्या हातात दिला आणि ती नेहमीप्रमाणं दाराकडं बसली. तिच्या बांगड्या वाजल्या तिकडं उद्धवनं मान वळवली.

"मंजू, तू बी मदी सरक," तो म्हणाला.

बाईनं अंग चोरून जागा केली. मंजुश्री सरकली.