केरूची फ्लॉपी

आमच्या मासळीच्या कंपनीत, रत्नागिरीच्या ऑफिसात, पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा साहेबांनी तो माझ्या टेबलावर बसवला. मला टाइपिंग येत होतं आणि नाही म्हणायला येत नव्हतं, एवढीच माझी लायकी. टेलिफोनच्या तारेवरून मुंबईच्या हेड ऑफिसशी पत्रव्यवहार करायचा, त्याला मेल म्हणायचं, हे मी पहिल्या आठवड्यात शिकले. लाइन लागेपर्यंत निम्मी सकाळ जाते, हे दुसऱ्या आठवड्यात.

मुंबईच्या टोकाला केरू होता. आमचे शिपाई भागोजीकाका, त्यांचा एकुलता एक मुलगा. किती कोळंबी, कुठला ट्रक, हे सगळं कळवून झालं की तो दोन ओळींचा वेगळा मेल बापासाठी पाठवायचा. इंग्रजी अक्षरांत मराठी. "बाबा, जेवलास का? गुडघ्याला तेल लाव." भागोजीकाकांना कुठलीच अक्षरं येत नव्हती. माझ्यापुढे चहा ठेवून ते तसेच उभे राहायचे. "काय लिवलान आज?"

मी मेली खवचट. "आज काही नाही, विसरला तुमचा लेक," म्हणायचे. ते हिरमुसले की मग खरं वाचायचे.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी केरू तापाने गेला. त्याच्या चार दिवस आधी एक मेल आला होता, तो मात्र बापासाठी नव्हता. "उमाताई, ताप उतरत नाही. बाबाला सांगू नका, उगाच धावत येईल. गणपतीला येतोच आहे." मी सांगितलं नाही. त्यानेच नको म्हटलं होतं, असं वर्षभर स्वतःला बजावत राहिले. खरं तर त्या दिवशी मला ते एवढं मोठं वाटलंच नाही. आणि नंतर सांगायची छाती झाली नाही.

भागोजीकाका अधूनमधून म्हणायचे, "बाय, जुनं एकादं वाच ना." मी शोधून वाचायचे. त्या शेवटच्या मेलपाशी पोचायच्या आत, लाइन लावायची आहे म्हणून त्यांना वाटेला लावायचे.

यंदा दसऱ्याच्या तोंडावर नवा कॉम्प्युटर आला. मुंबईहून आलेल्या इंजिनिअरने जुन्यावरचे फोन नंबर, पत्ते, पासवर्ड, लाइन जोडायच्या सगळ्या सेटिंग्ज नव्यावर नेल्या. ऑफिसचे मेलही नेले. केरूच्या मेलचं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, घरगुती काही नको. जुना कोरा करून मी बरोबर नेणार." मला त्याचा असा राग आला! मग मीच बसून केरूचे सगळे मेल एका फ्लॉपीवर उतरवले. शेवटचासुद्धा. तो गाळता आला असता, पण कधीतरी धीर होईल असं वाटलं. फ्लॉपी भागोजीकाकांच्या हातात दिली. "यात केरूचं सगळं आहे. दसरा झाला की नव्यावर घालू."

त्यांनी ती दोन्ही हातांत धरली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. ज्याच्यावर पोट चालतं ते सगळं मांडायचं: बर्फ फोडायचे टोचे, वजनकाटा, टाइपरायटर. पूजा झाली की दसरा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. दरवर्षीसारखी पूजा भागोजीकाकांनीच केली. मी प्रसादाच्या गडबडीत होते. जुन्या कॉम्प्युटरलाही त्यांनी हळदकुंकू वाहिलं. दुपारी इंजिनिअर, आमचा नेम न मानता, तो कोरा करून कंपनीच्या गाडीतून घेऊन गेला.

दसऱ्यानंतर ऑफिस उघडलं. पूजेच्या पाटावर भागोजीकाकांनी केरूची फ्लॉपीही मांडली होती, ती उचलून उजेडात धरली. फ्लॉपीच्या काळ्या पाकिटाला एक लांबट फट असते, आतली चकती मशीन तिथूनच वाचतं. नेमक्या त्या फटीत ओल्या बोटाने हळदकुंकू भरलेलं होतं, वर अक्षता चिकटलेल्या. पुसायला गेले तर ते आणखी आत पसरलं. नव्या मशीनने नुसती खरखर केली. वाचता येत नाही, एवढंच पडद्यावर आलं. दहादा घातली, दहादा तेच.

आणि सांगायला लाज वाटते, पण आधी मला सुटल्यासारखं वाटलं. तो शेवटचा मेल गेला. आता जगात कुणाला काही कळणार नव्हतं.

भागोजीकाका चहा ठेवून उभे राहिले. "वाच ना बाय."

"काका, वाचता येत नाही. आत कुंकू गेलंय. सगळं पुसलं गेलं."

त्यांनी फ्लॉपी घेऊन ती फट निरखली. "तितं उगडं दिसलं," ते म्हणाले. "मला वाटला, ह्येचा कपाळ आसंल. पोराला लावतो तसा लावला." ते स्टुलावर बसले आणि उजव्या हाताचं बोट सदऱ्याला पुसत राहिले. "मंजे मीच पुसला त्येला. मरताना जवल नव्हतो, आनि आता ह्ये."

"तुमची चूक नाही हो, काका."

"मंग कुनाची?"

गप्प बसता आलं असतं, वर्षभर बसलेच होते. पण बोटाला काहीच नव्हतं आणि ते पुसतच होते. मला ते बघवेना.

"त्यात एक मेल होता, तो मी तुम्हाला कधी वाचून दाखवला नाही," मी म्हटलं आणि सांगितला. शब्दन् शब्द पाठ होता.

त्यांचा हात थांबला. "कवा आल्ता?"

"तो गेला त्याच्या चार दिवस आधी."

"सांजची मुंबय गाडी," ते हळूच म्हणाले, "सकालला पोचते."

"हो, काका."

"पानी तरी पाजला आसता."

ते उठले आणि कपाटावरचं फडकं घेऊन बाहेर गेले. त्यानंतर त्यांनी कधी विषय काढला नाही, रागाचा एक शब्द नाही. चहा अजून रोज येतो, अगदी वेळेवर. कप ठेवतात आणि जातात. उभे राहत नाहीत.