तपासलेलं नाही

रविवारपासून वृद्धांच्या नर्सिंग होमचं दार भेटायला येणाऱ्यांना बंद होतं. तिथल्या दोघांना फ्लू झाला आणि मॅनेजरने सगळ्यांच्या घरी फोन केले. यंदाची फ्लूची लस घेतलेल्यांनाच आत सोडू, तेही मास्क लावून. स्वाइन फ्लूची नवी लस अजून यायची होती, पण निदान नेहमीची तरी हवीच. सर्जरीत, म्हणजे जीपी डॉक्टरांच्या दवाखान्यात, तीही संपली होती, पुढची कधी येईल ते तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून मंगळवारी सकाळी सुप्रभा मुलीला, वरदाला, बरोबर घेऊन घराजवळच्या फार्मसीत आली.

होममध्ये असलेले तिचे पती पद्माकर दुसऱ्या कोणाच्या हातून जेवत नसत. सुप्रभाने समोर बसून आधी एक घास खाल्ला, की मगच ते तोंड उघडायचे. हॉस्पिटलमधून कितीही दमून आले तरी ती बसल्याशिवाय त्यांनी कधी ताटाला हात लावला नव्हता. स्मृतिभ्रंशात बाकी सगळं पुसलं गेलं, तेवढं उरलं होतं. काल नर्स फोनवर म्हणाली होती, "थोडं पाणी घेतात, बस. तुम्ही लवकर या."

फार्मसीत पडद्यामागे दोन खुर्च्या होत्या. फार्मसिस्ट यतीन गुजराती, कॉव्हेंट्रीतच वाढलेला. तो एकेक प्रश्न विचारत होता.

"याआधी कधी घेतली होती?"

"नाही."

सर्जरीतून दरवर्षी बोलावणं यायचं आणि ती जायची नाही. ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात हे तिला माहीत होतं. इकडे इंग्लंडला येताना, अंड्याला शिवणार नाही, असा आईला दिलेला शब्द तिने इतकी वर्षं पाळला होता. आज तो बाजूला ठेवूनच ती घरातून निघाली होती.

"अंड्याची ॲलर्जी?"

सुप्रभा थांबली. "ठाऊक नाही."

"म्हणजे, अंडं खाल्ल्यावर कधी पुरळ, सूज असं काही, आंटी?"

"मी अंडं कधी खाल्लेलंच नाही."

"आई, नुसतं नो म्हण ना," वरदा हळूच मराठीत म्हणाली.

"नो म्हणजे निगेटिव्ह. हे तपासलेलंच नाही."

जन्मभर तिने हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट दिले होते. तपासून 'नाही' आलेलं आणि न तपासलेलं यांची तिने कधी गल्लत होऊ दिली नव्हती.

यतीनने पेन खाली ठेवलं. "मग मला देता येणार नाही, आंटी. सॉरी. जीपीला विचारा."

"त्यांच्याकडे लस नाही."

"आय नो."

सुप्रभाने वर केलेली बाही खाली ओढली आणि बटण लावलं. वरदा जमिनीकडे बघत होती.

"आई, तू केक खाल्ली आहे."

"तो एगलेस असायचा. तुझ्या वाढदिवसाला बाबा लेस्टरहून आणायचे. सांगून करून घ्यायचे."

"आधी आणायचे. मग नाही." वरदाला शब्द सापडत नव्हते. "मग आपल्या रोडवरच्या बेकरीतून. लेस्टरवाली जुनी बॉक्स ठेवली होती ना, त्याच्यात घालायचे. मला कारमध्ये सांगायचे, आईला बोलू नको, तिला वाईट वाटेल. ही वॉज सो टायर्ड, आई. नाइट ड्यूटी करून यायचे, आणि मग लेस्टर."

"किती वर्षं?"

"मी युनिव्हर्सिटीला गेले तोपर्यंत."

दर वाढदिवसाला सुप्रभा विचारायची, अंड्याशिवाय इतका हलका कसा जमतो हो या लेस्टरवाल्यांना? आणि पद्माकर गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, कला आहे एकेकाची.

यतीनला केक आणि एगलेस एवढंच कळलं असावं. पण तेवढं पुरेसं होतं. "आंटी, केक खाऊन कधी काही झालं होतं?"

"नाही," सुप्रभा म्हणाली. "काही झालं नव्हतं."

तिने बटण पुन्हा काढलं. सुई कधी आत गेली ते तिला कळलं नाही.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "विचारणार आहे मी त्यांना."

"विचार," वरदा म्हणाली आणि तिने गाडी सुरू केली.

होममध्ये बाहेरचं अन्न न्यायला आता मनाई होती. वरणभाताचा डबा रिसेप्शनवर राहिला. वरदा बाहेर गाडीतच थांबली.

पद्माकर उशांना टेकून बसले होते. दोन दिवसांत गळ्याजवळची हाडं वर आली होती. नर्सने ट्रेवर वाटी ठेवली. मऊ स्पंज केक, कस्टर्डमध्ये भिजलेला. सुप्रभाने वाटीकडे पाहिलं. स्पंजात काय असतं हे तिला माहीत होतं. ती खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर बसली आणि तिने मास्क हनुवटीखाली सरकवला.

"अहो," सुप्रभा म्हणाली, "लेस्टरचा आहे."

पद्माकर तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने चमचा भरला आणि स्वतः खाल्ला. हलका होता. चव तीच, ओळखीची.

मग तिने दुसरा चमचा पुढे केला. पद्माकरांनी तोंड उघडलं. तिने घास भरवला आणि त्यांच्या गळ्याकडे पाहत ती थांबली. गळा हलला नाही. घास जिभेवर तसाच राहिला, थोड्या वेळाने ओठांच्या कडेने बाहेर आला आणि हनुवटीवर उतरला. तोंड उघडायचं त्यांच्या लक्षात होतं, गिळायचं राहिलं नव्हतं.

यानंतर दिवस थोडेच उरतात, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सुप्रभाने रुमालाने त्यांची हनुवटी पुसली. मग तिने वाटीतला आणखी एक घास घेतला आणि, ते बघत होते म्हणून, सावकाश चावून गिळला.