फुल टाकी

टाकीत काय ओतायचं, हे मला कोणी विचारत नाही. गाडीचं ट्यूनिंग कर म्हणतात आणि वर फुकटचे सल्ले देतात. टेकचंदकाकांची एकुलती एक मुलगी गुंजन तशी नव्हती. रायपूरकडच्या शर्यतीसाठी तिने गाडी माझ्या हवाली केली, तेव्हा तिचा पहिलाच प्रश्न इंधनाचा होता.

नागपूरहून शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलच्या दोन कॅन मागवल्या. इंजेक्टर किती उघडे राहावेत, ठिणगी किती आधी पडावी, हे सगळं मी पहिल्या कॅनवर बसवलं. ठिणगी बरीच आधी ओढली होती. इंजिनातली खडखड ओळखून ठिणगी मागे घेणारा नॉक सेन्सर उगाचच ओरडायचा, म्हणून आम्ही तो बंद ठेवला.

"आता पंपाचं पेट्रोल चालणार नाही," मी बजावलं. "ते वेळेआधीच पेटेल, पिस्टनला भोक पडेल. ऑइल उडून तुझ्याच चाकाखाली जाईल."

ती हसली. "दादा, मी का येडी आहो का?"

शर्यतीच्या सकाळी दुसरी कॅन ओतायला मी काकांच्या राइस मिलवर पोचलो. गाडी नव्हती. फाटकात चिरडलेली लिंबं आणि फुटलेला नारळ पडला होता. कॅन कोंड्याच्या पोत्यांमागे होती, सील तसंच.

"गेली माही पोट्टी," काका खुशीत म्हणाले. "आधी मागच्या बायपासवर पळवून पाहतो म्हणे, मंग रायपूर."

"टाकीत काय आहे, काका?"

"फुल हाय! घरून रिकाम्या टाकीनं कोणी निघते का? बापानंच भरून द्या लागते. पूजेच्या आधी मीच पंपावर नेली. तिनं इचारलं, टाकी भरली का? म्हटलं, भरली."

तिला वाटलं असणार, कॅन मीच ओतली.

मी तिला फोन लावला. तो काकांच्याच खिशात वाजला.

"गाडी चालवताना ध्यान नोको जायले म्हणून माह्याजवळ देऊन गेली."

मी बाइककडे धावलो, तेवढ्यात मिलमागच्या धानाच्या बांध्यांपलीकडून आवाज उठला. मी बसवला होता अगदी तसा, स्वच्छ आणि चढत जाणारा. मग त्यात पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड मिसळली.

"पाय उचल, गुंजन! ॲक्सिलरेटर सोड!" मी वेड्यासारखा ओरडलो. इतक्या लांबून तिला काय ऐकू जाणार होतं?

काका फाटकात हात जोडून उभे होते. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता, आणि मला त्यांची भयंकर चीड आली.

"ऐकून राहिला का, ओमेश? काय दमदार आवाज हाय!"

आवाज आणखी चढला. खडखड वाढली. मग टायर घासल्याचा लांब आवाज आला आणि सगळंच बंद झालं.

काकांचे हात जोडलेलेच होते.

"काऊन थांबली रे?" त्यांनी मला विचारलं. "घरी काही भुलली का?"