चिमट्यावरच्या दोन रेघा

अठ्ठ्याण्णव हा आकडा तुमचा आहे, साहेब. सुनिताचा नाही. वरच्या खुर्चीत बसून तो तुम्ही ठरवलात, तोंडी खाली सोडून दिलात, आणि त्या आकड्यापायी एक बाई मेली म्हटल्यावर तुम्हाला सुनिताची सही पाहिजे झाली, 'नोंद माझ्या चुकीने झाली' म्हणून. तोंडी हुकमाचं हेच बरं असतं. त्याला तारीख नाही, शिक्का नाही. पण ज्या कानांनी तो ऐकला ते कान अजून जागेवर आहेत. तेव्हा सही मागायच्या आधी काय घडलं ते ऐका. मधे बोलू नका. आम्ही पाड्यावरची माणसं तुमची भाषणं ऐकतो तेव्हा मधे बोलत नाही.

सुनिता रानशेतच्या बाजूची आशा, म्हणजे घरोघर फिरणारी आरोग्य सेविका. सहा पाडे तिच्याकडे. दोन हजार एकवीसचा उन्हाळा, आजाराची दुसरी लाट, आणि तिच्या खांद्याच्या पिशवीत तापाच्या गोळ्या, कपाळावर धरून ताप मोजायची बंदूक आणि बोटाला लावायचं ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र. पाड्यावर त्या यंत्राचं खरं नाव कोणी घेतलं नाही. कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखं दिसतं, म्हणून चिमटा. सहा पाड्यांना मिळून एक चिमटा.

आता या पाड्यांवरच्या बाया काय करतात हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं, पण नसणार. पहाटे टेम्पो येतो, बायांना भरतो आणि समुद्राकडच्या चिकूच्या वाड्यांत नेऊन सोडतो. दिवसभर चिकू उतरवायचे, देठ मोडायचे, धुवायचे, लहानमोठे वेगळे करायचे. देठ मोडला की पांढरा चीक निघतो. तो बोटांवर वाळतो, काळा पडतो आणि नखांच्या कडांत जाऊन बसतो. साबणाने जात नाही. सीझनभर बायांच्या बोटांची टोकं काजळी धरल्यासारखी असतात.

अशा बोटाला चिमटा लावला की आकडा येत नाही. दोन आडव्या रेघा येतात. तिसऱ्या चौथ्या बाईला रेघा आल्या तेव्हा सुनिताला वाटलं, चिमटा बिघडला. स्वतःच्या बोटाला लावून बघितला. सत्त्याण्णव. म्हणजे चिमटा बरा आहे, बोटं काळी आहेत. कोणी शिकवलं नव्हतं. तिचं तिनेच शोधलं. मग ती पिशवीत खोबरेलाची बाटली ठेवायला लागली. आधी तेल चोळायचं, मग चुलीतली राख, मग गरम पाणी, मग कोरड्या फडक्याने पुसून करंगळीला चिमटा. एकेका बाईला पंधरा मिनिटं.

"हळद पण आण गं सुनिता," बुधी म्हणाली होती. "तेल तर लावून झालं. फक्त नवरा दुसरा बघ. हा जुना झाला."

बुधी पंचेचाळिशीची, सगळ्या टेम्पोला हसवत नेणारी. तिचा नवरा चैत्या ओटीवर बसून टोपली विणत होता.

"जुना झाला तरी चालू हाय," तो मान वर न करता म्हणाला.

"चालतो कुठं? बसलेलाच तर असतो."

बाया खिदळल्या. बुधीच्या करंगळीला चिमटा लागला. शहाण्णव.

"पास झाली का मी?" बुधीने विचारलं.

"पास झाली काकी."

"बघा! शाळेत नाय गेली तरी शहाण्णव. तुमच्या मास्तरणीची पोर आणते का एवढे?"

ही एप्रिलच्या सुरुवातीची गोष्ट. पंधरा मिनिटांना एक माणूस, म्हणजे दिवसाला तीस-पस्तीस माणसं. तुम्हाला पाहिजे होती दोनशे. पाचव्या दिवशी नयना मॅडमचा फोन आला. नयना मॅडम म्हणजे सुनिताची वरची बाई, पगारी, डहाणूत राहणारी. वाईट नाही. पण तिच्याही वर कोणीतरी होतं, आणि त्याच्याही वर तुम्ही.

"सुनिता, काय चाललंय तुझं? तुझ्या पाड्यांचं परसेंटेज बघितलंस का?"

"मॅडम, चिमट्यावर रेघा येतात. बोटं चिकाची हायत. धुवून घ्यावी लागतात."

"रेघ म्हणून ॲपमध्ये काही जात नाही. रकाना लाल होतो. वरचे साहेब रोज संध्याकाळी व्हिडिओवर मीटिंग घेतात, सगळ्यांसमोर माझं नाव लाल दिसतं. कळतंय का तुला?"

"मग काय लिहू?"

"अठ्ठ्याण्णव टाक. वरून सांगितलंय, रीडिंग येत नाही त्याला नॉर्मल धरा. पंधरा तारखेच्या आत शंभर टक्के झालं पाहिजे. साहेबांना जाहीर करायचंय."

"मॅडम, तेवढं लेखी..."

"अगं, महामारी आहे! लेखी कसलं मागतेस?"

सुनिताने तेलाची बाटली घरी ठेवली. हे लपवायचं कारण नाही. ती देवी नव्हती. सहा पाडे, उन्हाचा कहर, घरी दोन पोरं, आणि फोनवर रोज शिव्या. बाटली ठेवली आणि तिचा वेग वाढला. रेघा आल्या, अठ्ठ्याण्णव. रेघा आल्या, अठ्ठ्याण्णव. पुढे पुढे तर काही घरांत चिमटा लावायचीही गरज राहिली नाही. घरात किती माणसं, तेवढे अठ्ठ्याण्णव. नयना मॅडमने अंगठ्याचं चित्र पाठवलं.

पंधरा तारखेला तुमचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर आला. हातात गुच्छ, गळ्यात हार, मास्क हनुवटीखाली. शंभर टक्के तपासणी पूर्ण, ऑक्सिजन कमी असलेला एकही माणूस नाही. सुनिताने तो फोटो मोठा करून बघितला. गुच्छातली फुलं खरी होती.

सोळा तारखेला आश्रमशाळेतल्या उपचार केंद्राच्या दारात जीप लागली. त्या केंद्रात हवेतून ऑक्सिजन ओढून देणारी सहा मशीनं होती. सहाही जीपमध्ये चढली आणि शहराकडे गेली. का, तर इकडे माणसंच आजारी नाहीत. यादी बघा ना, सगळे अठ्ठ्याण्णव.

सतरा तारखेला सकाळी रोजच्या फेरीत सुनिता बुधीच्या अंगणात गेली. बुधी खाटेवर बसलेली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. तापाने नऊ दिवस वाडीत गेली नव्हती.

"काय काकी, टेम्पो सुटला तुझा?"

"सुटू दे," बुधी म्हणाली. मग थोडं थांबून, "टेम्पोवाल्याला... करमत नसेल."

एवढं बोलायला तिला दोनदा श्वास घ्यावा लागला. सुनिताने चिमटा लावला. दोन रेघा. सवयीने मोबाईल काढला, अठ्ठ्याण्णव टाकलं, दोन गोळ्या दिल्या.

"पास?" बुधीने विचारलं.

"पास," सुनिता म्हणाली आणि निघाली.

पुढे सहा घरं झाली. सातव्या घरात जिवली नावाची बाई होती, ती कालच वाडीतून आलेली, बोटं काळीकुट्ट. तिच्या बोटाला चिमटा लावला, रेघा आल्या. सुनिता त्या काळ्या बोटाकडे बघत राहिली. बुधीचं बोट काळं नव्हतं. नऊ दिवस बुधीने चिकूला हात लावला नव्हता. बोटं धुतल्यासारखी स्वच्छ होती, नखं तर निळसर दिसत होती. तरीही रेघा आल्या होत्या.

रेघा दोन कारणांनी येतात. बोटावर चीक असला तर येतात. आणि रक्त बोटापर्यंत पोचेनासं झालं तरी येतात. ज्या माणसाने 'रेघेला नॉर्मल धरा' असं सांगितलं, त्याला यातलं एकही कारण माहीत नव्हतं. विचारायचं तर दूरच.

सुनिता पळत सुटली. वाटेत निसटलेली चप्पल तिने दुसऱ्या दिवशी शोधली. बुधीच्या अंगणात येऊन तिने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, चोळचोळून गरम केला आणि चिमटा लावला. रेघा. परत चोळला. मग आकडा आला. एकाहत्तर.

"काका, टेम्पो बोलवा."

"कशाला? आता तर पास बोललीस."

"टेम्पो बोलवा काका!"

पाण्याच्या टाकीजवळ तेवढी रेंज येते. तिथे उभं राहून तिने बेड देणाऱ्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या माणसाने नाव विचारलं, पाडा विचारला, टकटक केलं.

"बाई, रेकॉर्डला तर अठ्ठ्याण्णव आहे. आजचंच आहे, सकाळी नऊ चाळीसचं."

"ते मीच लिवलं. ते चुकीचं हाय. आता एकाहत्तर आलं."

"चौऱ्याण्णवच्या खाली असेल तरच बेड देता येतो."

"एकाहत्तर खालीच हाय ना भाऊ?"

"हो, पण रेकॉर्डला अठ्ठ्याण्णव आहे. एन्ट्री चोवीस तास बदलत नाही. उद्या सकाळी नऊ चाळीसनंतर करा."

तो माणूस शांत होता. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. तुमची यंत्रणा अशीच आहे, नम्र.

चिकूच्या क्रेटमध्ये गोधडी टाकून बुधीला टेम्पोत निजवली. केंद्रावर गेले तर भिका नावाचा शिपाई एकटा झाडाखाली बसलेला. "मशीनं काल नेली," तो म्हणाला, आणि मशीनं होती तिथल्या भिंतीतले सहा प्लग त्याने उगाचच हाताने दाखवले. मग शहराकडे. पहिल्या दवाखान्यात आत घेतलं नाही. दुसऱ्याच्या फाटकासमोर अकरा गाड्या उभ्या होत्या. बाराव्या नंबरला टेम्पो. चैत्याने बुधीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. सुनिता तिचा हात चोळत होती, चोळत होती. दिवस मावळायच्या आत आकडा गेला आणि रेघा आल्या, त्या परत गेल्या नाहीत.

येताना टेम्पोत चैत्याने एकच विचारलं. "बाय, अठ्ठ्याण्णव म्हणजे चांगलं ना?"

"चांगलं, काका."

"मग कशी मेली?"

सुनिताने गोधडीचं टोक बुधीच्या अंगावर ओढलं. याचं उत्तर तुमच्याजवळ होतं.

कोणीतरी बुधीची बातमी पेपरात दिली. चार ओळींचीच, पण त्यात अठ्ठ्याण्णव होतं. लगेच तुम्हाला जाग आली. तीन दिवसांत खुलासा करा, असा कागद सुनिताला आला, आणि तिसऱ्या दिवशी खुलासा टाइप करून तुमच्या हाताखालचे श्यामकांत साहेब स्वतःच पाड्याजवळच्या पंचायतीत आले. किती ती काळजी! तिने फक्त सही करायची होती. 'सदर नोंद माझ्या निष्काळजीपणामुळे झाली असून वरिष्ठांचा त्याच्याशी संबंध नाही.'

आदल्या संध्याकाळी नयना मॅडमचा फोन येऊन गेला होता. "कर गं सही. जास्तीत जास्त समज देतील. नाही केलीस तर काम जाईल, वर केस होईल. आणि मीही अडकेन." बोलता बोलता ती रडायला लागली होती. सुनिताने ऐकून घेतलं. काम गेलं तर दोन पोरांचं काय, हा हिशोब तिने रात्रभर करून ठेवला होता.

पंचायतीत चैत्या कोपऱ्यात उकिडवा बसला होता. श्यामकांत साहेब पंख्याखाली.

"वाचून घे आणि कर. मला तलासरीला पण जायचंय."

"साहेब, बोट द्या," सुनिता म्हणाली.

"काय?"

"बोट. सहीच्या आधी तपासणी करायची हाय. शंभर टक्के झालं पाहिजे ना?"

साहेबांनी बोट पुढे केलं. पांढरं, मऊ, नख कापलेलं. तिने चिमटा लावला. दोघेही वाकून बघायला लागले. आकडा हलला, थांबला.

"ऑक्सिजन शहाण्णव," सुनिता म्हणाली. "साहेब, तुमचा अठ्ठ्याण्णव नाय. माझा सत्त्याण्णव असतो. बुधी काकी चांगली होती तेव्हा तिचा शहाण्णव होता. सहा पाड्यांत पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे अठ्ठ्याण्णव, आणि पंख्याखाली बसून तुम्ही शहाण्णव. वरच्या साहेबांना एकदा पण वाटलं नाय, सगळे सारखे कसे?"

श्यामकांत साहेब आपल्या बोटाकडे बघत राहिले. "हे बघ बाई," ते हळूच म्हणाले, "माझ्या हातात काही नाही. वरून आलंय."

"तेच विचारते. वरून म्हणजे कोणाकडून?"

कोपऱ्यातून चैत्या म्हणाला, "साहेब, मी पण तेच विचारतो."

सुनिताने टाइप केलेला कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर आपल्या अक्षरात लिहिलं. सावकाश लिहिलं, अर्धा तास लागला. तलासरी राहून गेली.

'आकडा मी लिवला. ते मी नाकारत नाही. चैत्या काकांच्या अंगणात मला खाली मान घालून जावं लागतं, ते माझं मी बघीन. पण रेघ आली तर अठ्ठ्याण्णव लिहा, हे पहिल्यांदा कोण बोललं? त्याला रेघ का येते माहीत होतं का? सहा मशीनं न्यायला कोणी सांगितलं? मला नाव पाहिजे, हुद्दा पाहिजे, सही पाहिजे. मला तीन दिवस दिले. तुम्हालापण तीन दिवस.'

खाली सही. शेजारी चैत्याचा अंगठा. श्यामकांत साहेबांनी कागद घेतला आणि, त्यांचंही मानलं पाहिजे, पोच दिली.

सुनिताचं काम गेलं. ती आता पहाटेच्या टेम्पोने चिकूच्या वाडीत जाते. तिच्या बोटांची टोकं काळी झाली आहेत. पोचपावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिने आढ्याला खोचून ठेवली आहे, आणि चैत्या महिन्या-दोन महिन्यांनी येऊन विचारतो, "आलं का गं?"

साहेब, तीन दिवस कधीच संपले. तुमची बदली झाली, बढती झाली, आणखी एक हार झाला. ते सगळं आम्हाला समजतं. समजत नाही ते एकच, आणि तेच विचारायला इतकं सांगितलं. रेघेला अठ्ठ्याण्णव म्हणायला कोणी सांगितलं?

नाव सांगा. लेखी द्या.